बंटीचा पोळा

नांदेडच्या फ्लॅटमध्ये आमच्या टेरियरचे केस कापायला मशीनला तेल घातलं आणि त्या वासासरशी लोह्याकडच्या गावातलं काकांचं अंगण आठवलं. लहानपणी एका पोळ्याच्या सकाळी, बैल भादरायच्या हातमशीननं काकांनी माझा झुबकेदार केसांचा कुत्रा, बंटी, पार सोलून काढला होता! वर पाठीवर गेरूचे ठिपके.

“काका, हा काय बैल हाय का?” मी रडत भांडले.

“घरचं जनावर हाय ना? मग ह्याचाबी पोळा.”

महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

कालच सोसायटीवाल्यांनी बजावलं, कुत्रं लिफ्टमध्ये आणायचं नाही, लोकांना किळस येते. किळस! त्या पोळ्याला काकूंनी बंटीला बैलांच्या रांगेत उभं केलं, ओवाळलं, पुरणपोळी भरवली आणि त्या वाकून त्याच्या पाया पडल्या.