दोन पाळ्यांची हळूबाई

शिक्षकांच्या संघटनेत विरोधी गट उभा करायचा म्हणजे काय खायचं काम आहे का? जो उठतो तो शिकवायलाच लागतो, ऐकायला कुणी तयारच नाही! त्यातून या गावातल्या शाळा दोन पाळ्यांच्या. सकाळच्या पाळीतले विरोधक वेगळे, दुपारच्या पाळीतले वेगळे, आणि दोघांमध्ये विळ्याभोपळ्याचं सख्य. बरं, भांडण तत्त्वाचं असतं तर एक वेळ समजलं असतं. भांडण होतं फळ्याचं. सकाळवाले फळा न पुसता जातात, बाकं वाकडीतिकडी टाकून जातात, खडूचा चांगला तुकडा खिशात घालून नेतात, ही दुपारवाल्यांची तक्रार. सकाळवाल्यांची तक्रारही हीच, फक्त उलट्या दिशेनं.

या मंडळींची गाठ पडायची ती एक पाळी सुटून दुसरी भरते त्या मधल्या वेळात, शिक्षकांच्या खोलीत. मागणी दोघांची एकच होती: वर्षानुवर्षं तात्पुरते म्हणून राबणाऱ्या शिक्षकांना कायम करा. संघटनेचे अध्यक्ष मोठे सर प्रत्येक सभेत सांगायचे, "धीर धरा, बोलणी चालू आहेत." बोलणी चालूच राहिली, इकडे लोकांचे केस पिकले. सरांसमोर दोघांनी मिळून एकच उमेदवार दिला तरच काही निभाव लागेल, हे सगळ्यांना कळत होतं. पण कुणाचा? सकाळवाल्यांचे पुढारी खेळाचे शिक्षक, त्यांना सगळे शिट्टीमास्तर म्हणत. दुपारवाल्यांचे पुढारी विज्ञानाचे, ते चष्मेवाले. एकाचं नाव निघालं की दुसऱ्याला ठसका लागायचा.

शेवटी चष्मेवाले वैतागून म्हणाले, "तुमच्या सकाळच्यांत फळा पुसून जाणारा एक तरी माणूस आहे का हो?"

"आहे ना," शिट्टीमास्तर म्हणाले. "पहिलीची हळूबाई. सकाळी तुमच्याच वर्गात शिकवते की!"

चष्मेवाल्यांच्या वर्गाचा फळा रोज ओल्या फडक्यानं पुसलेला असायचा, बाकं सरळ असायची आणि फळ्याखाली एक अख्खा खडू ठेवलेला असायचा. "अरेच्चा! मला वाटायचं शिपाई करतो," ते म्हणाले. झालं, उमेदवार ठरला. हळूबाई तिथेच बसून डबा पुसत होती, तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

हळूबाई हे नाव तिच्या बोलण्यावरून पडलेलं. एकेक शब्द तोलून, सावकाश बोलायची. लहानपणी तिची जीभ अडायची. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच ठाण मांडून बसायचा. पोरं नक्कल करायची, घरचे म्हणायचे, राहू दे, हिला बोलायला लावू नका. चौथीत तिला मोठे सर भेटले, तेव्हा ते तरणेबांड होते. त्यांनी रोज तिला कविता म्हणायला उभं केलं. ती अडली की ते नुसता पहिला शब्द द्यायचे आणि थांबायचे. पुढचं तिचं तिनं म्हणायचं. वर्गात कुणी हसलं तर त्याला पट्टी. कविता पूर्ण झाली की म्हणायचे, "शाब्बास! बस आता." ती आज बोलत होती, शिकवत होती, संसार करत होती, ते त्या माणसामुळे. आणि आता त्यांनाच पाडायचं?

रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "मी नाही म्हणून सांगते." तो घड्याळं दुरुस्त करायचा, आणि घरातही डोळ्याला भिंग लावूनच बोलायचा. "सांग की," तो म्हणाला. "पण ज्या तात्पुरत्या शिक्षकांना दर सुट्टीत घरी बसवतात त्यांनाही तूच सांग. आणि आधी सरांना भेटून ये, लपूनछपून उभी राहू नकोस."

ती भेटायला गेली. सरांनी ऐकलं आणि ते खदखदून हसले. "उभी राहा! पण पाडायचं तर नीट पाड हं, अर्धवट काम मला चालत नाही." मग म्हणाले, "चहा घेतलास का?" ती घेतलाय म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा तेच, "चहा घेतलास का?" रिकामा कप तिच्या हातातच होता. निघताना काकू, म्हणजे सरांची बायको, दारापर्यंत आल्या. "हल्ली विसरतात गं," त्या हळूच म्हणाल्या. "कधी कधी मलाही वहिनी म्हणतात. कुणाला बोलू नकोस. चारचौघांत हसं नको व्हायला, एवढंच बघ." तिनं काकूंचा हात हातात घेतला.

पण चष्म्यामागचे डोळे तीक्ष्ण. "सर विसरायला लागलेत," चष्मेवाले पुढच्या बैठकीत म्हणाले. "भर सभेत एकच विचारू, मागच्या बैठकीत काय ठरलं? अडकतील. खेळ खलास." शिट्टीमास्तरांनी मान डोलावली. दोन्ही गटांचं पहिल्यांदाच एकमत झालं, तेही यावर!

"हे विचारायचं नाही," हळूबाई म्हणाली.

"अहो बाई, निवडणूक आहे ही, पहिलीचा वर्ग नाही."

"विचारलंत, तर मी उभी राहणार नाही." हे वाक्य मात्र ती जराही न थांबता बोलली. दोघांनी तोंडं वाकडी केली आणि ऐकलं.

निवडणुकीची सभा शाळेच्याच सभागृहात भरली. मोठी मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. व्यासपीठावर अध्यक्षांची हातांची खुर्ची, तिच्यात सर. ते आधी बोलायला उठले आणि छान बोलले. मग आवाज चढवून म्हणाले, "आणि आपली सगळ्यात मोठी मागणी आहे, ती म्हणजे..." आणि थांबले. सगळे वाट पाहत राहिले. सरांचा हात हवेत तसाच. मागे कुणीतरी खाकरलं. काकूंनी पदर तोंडाशी धरला.

पोरांना पहिला शब्द द्यायची जन्माची सवय ती! पुढच्या बाकावरून हळूबाईच्या तोंडून निघून गेलं, "तात्पुरत्या..."

"तात्पुरत्या शिक्षकांना कायम करण्याची!" सर गरजले. टाळ्यांचा नुसता कडकडाट. शिट्टीमास्तरांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, आपला मुद्दा तुम्ही त्यांना दिलात! आता बोलणार काय, डोंबल?"

तिलाही तेच कळेना. तिचं नाव पुकारलं गेलं. ती उभी राहिली, तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांनी शब्द ओठांशी येऊन ठाण मांडून बसला. समोर सगळे चेहरे, आणि ती चौथीतली पोर.

तेवढ्यात खुर्चीतून मऊ आवाज आला. "नदी... हं, म्हण. नदी."

दोघंतिघं हसले. चष्मेवाल्यांनी भुवई उंचावली. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. हळूबाईच्या लक्षात आलं. तो त्या चौथीच्या कवितेचा पहिला शब्द होता. सर या सभेत नव्हतेच, ते त्या वर्गात होते. अजून एक क्षण गेला असता तर सगळ्यांनाच कळलं असतं.

"नदी," ती म्हणाली. "नदीपलीकडच्या शाळेत... आपल्या काही बाई आहेत. रोज होडीनं जातात. दर सुट्टीत त्यांना घरी बसवतात, शाळा उघडली की परत बोलावतात. परवा त्यातली एक मला म्हणाली, पोरं विचारतात, बाई, पुढच्या वर्षी तुम्हीच ना? मी त्यांना काय सांगू?" ती थांबली, पण आता अडली नव्हती. "याचं उत्तर मी मागून आणीन. धीर धरा, असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही."

सरांचे ओठ तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते. बोटानं ते खुर्चीच्या हातावर ठेका धरत होते. इतके आनंदी ते कित्येक महिन्यांत दिसले नव्हते.

मतं पडली, मोजली गेली, आणि हळूबाई निवडून आली. दोन्ही पाळ्यांनी एकदम ओरडून सभागृह डोक्यावर घेतलं. "सरांचं मन मोठं हो," चष्मेवाले खऱ्या मनानं म्हणाले. "तुमचा मुद्दा घेतला, तसा नदीचा दुसरा सुचवलाही."

"हो," ती म्हणाली. पलीकडे काकू डोळे पुसत होत्या.

मग सगळे तिला त्या हातांच्या खुर्चीकडे ढकलायला लागले. सर उठून बाजूला झाले होते, खुर्ची रिकामी होती, पण तिचे पाय उचलेनात. त्या खुर्चीत कसं बसायचं? ती तशीच खुर्चीजवळ उभी राहिली. लोक म्हणाले, बसा बाई, बसा. चष्मेवाल्यांनी खुर्ची पुढे सरकवली. तिला रडूच यायला लागलं.

काकूंचा हात धरून निघालेले सर वळले. तिच्याकडे पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"सगळी म्हटलीस ना?"

"म्हटली, सर."

"शाब्बास! बस आता," सर म्हणाले, आणि ती बसली.