उधाणमावशीनं पळवलेले देव

समस्त बोईसरकरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जगबुडीची पूर्वसूचना आमच्या दारात दर बुधवारी सकाळी मिळत असे, सोबत बोंबील. ती आणणाऱ्या बाईला आमच्या आळीत सगळे उधाणमावशी म्हणत. डोक्यावर पाटी, कमरेवर हात, आणि पायरीवर टेकण्याआधीच घोषणा: "घे गं बाय, खाऊन घे. दर्या निघालाय!"

माझी आई साताऱ्याकडची. समुद्र तिने पाहिला तो लग्न होऊन इकडे आल्यावर. तिला वाटायचं, बोंबील खपवायची ही युक्ती असावी. पण मावशी थट्टा करत नव्हती.

तिचं गाव किनाऱ्यावर, दांडीच्या बाजूला. नाव सांगत नाही. तिथून अजून आम्हाला मासळी येते. तिथल्या काही लोकांनी किनाऱ्याची वाळू उपसून विकली, सुरूची झाडं तोडली. मग एका जत्रेत देवी भगताच्या अंगात आली आणि भर गर्दीत बोलली, "माझी वाळू खाल्ली, माझी झाडं खाल्ली. आता मी घरं खाणार. उठा!"

सगळ्यांनी हात जोडले, नारळ फोडले आणि घरी जाऊन पोटभर जेवले. प्रसाद साऱ्या गावाने घेतला, शब्द एकट्या मावशीने. गावामागच्या उंचवट्यावर तिच्या नवऱ्याचा जमिनीचा तुकडा पडून होता. तिथे तिने घर बांधलं. एकट्या विधवेला एवढी लांबलचक पडवी कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "देवीनं काय माझं एकटीचं नाव घेतलं काय?"

तिचा दीर गणपत मात्र वाळूला टेकलेल्या जुन्या घरातच राहिला. दर अमावास्या-पुनवेला, म्हणजे उधाणाच्या दिवशी, मावशी त्याच्या दारात हजर.

"गणू, देवीचा शब्द हाय. चल वर."

"वयनी, देवीला सांग, गणू जेवतोय."

"देवी थांबल रे. दर्या थांबल काय?"

गाव खो खो हसायचं. मावशी रागवायची नाही. एकदाच, पाटी उचलता उचलता मला म्हणाली, "हसतात त्याचं काय नाय. नातवंडं बारकी हायत त्याची." आवाज इतका खाली आलेला, की मला पुन्हा विचारावं लागलं.

मावशी गेल्या वर्षी गेली. घरात नवं कॅलेंडर आलं की मी अजून आधी अमावास्या बघतो. पण तिची आठवण निघाली की गाव सांगतं ती गोष्ट त्या एका दुपारची, आणि त्या दुपारी मी तिथे होतो.

आषाढातली अमावास्या. मी मावशीच्या वरच्या घरी सुकट आणायला गेलेलो. वारा चढला होता, पाणी गणपतच्या अंगणात शिरलं होतं. मावशी तरातरा खाली गेली, मागे मी. वाटलं, आता प्रवचन होणार. पण ती सरळ आत शिरली, देव्हाऱ्यातले देव पदरात घेतले आणि चालू लागली.

गणपत ताटावरून उठला. "वयनी! देव कुठं नेतंस?"

"त्यांना कळतं. ते निघाले. तुमी बसा."

देव गेल्यावर घर कसं बसेल? पुढे मावशी, मागे उष्ट्या हाताने "चोर! चोर!" ओरडणारा गणपत, मागे बायको, सुना, नातवंडं, कुत्रं, आणि ही मिरवणूक बघायला निघालेले सगळे शेजारी. मीही "चोर! चोर!" ओरडलो. वातावरणच तसं होतं.

सगळे पडवीत पोचले. मावशीने देव पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात खाली धप्प झालं. आधी गणपतची मागची भिंत गेली, मग चूल, मग छप्पर.

मावशीने 'सांगितलं होतं ना' असं एकदाही म्हटलं नाही. पदराने पोरांची डोकी पुसत राहिली. गणपत उष्टा हात तसाच धरून खालच्या फेसाळ पाण्याकडे बघत होता. मग त्याच्या तोंडून एकदम निघालं:

"देवी बोलली तवा मी सगळ्यात पुढं बसलेलो गं, वयनी. मला वाटलं, मागच्यांना सांगते!"