आर्डिसबाईंचा बर्फ

आर्डिस टॉलेफसनला त्र्याहत्तरावं लागलं, तेव्हा लेकीनं, जॉलीननं, तिच्यासाठी डुलुथ शहरात म्हाताऱ्यांच्या इमारतीत एक खोली बघून ठेवली. आर्डिसनं ती पाहिली. नळ सोडला, बंद केला आणि म्हणाली, "इथे पाणी आपोआप येतं. मग मी दिवसभर करू काय?" आणि तळ्याकाठी आपल्या कॅम्परमध्ये परत आली. नवऱ्यामागे हे चाकांवरचं घरच तिचं घर, आणि गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरणं हा तिचा हिवाळा.

आड येत होता तो, असे कॅम्पर जिथे उभे असतात त्या कॅम्पचा व्यवस्थापक, लायल ग्रुबर. माणूस वाईट नव्हे, पण पाट्या लावायची भारी खोड. बायको पाट्यांना कंटाळूनच सोडून गेली म्हणतात. खरं-खोटं ते दोघं जाणोत. गेल्या वर्षी एकाचा पाइप फुटून अख्ख्या रस्त्याची घसरगुंडी झाली, तेव्हापासून फाटकावर पाटी होती: ज्याचं पाणी गोठेल, त्यानं दोन दिवसांत जागा सोडावी. त्याखाली दुसरी: कॅम्परभोवतीचा बर्फ साफ ठेवावा.

पहिली पाटी आर्डिसला मान्य होती. दुसरीला तिनं नाक मुरडलं. कॅम्परच्या पोटाखाली पाण्याची टाकी, तिथूनच वारा शिरतो. तिनं चारी बाजूंनी पेंढ्याच्या गासड्या लावल्या, वर बर्फ थापला, थेट खिडकीपर्यंत. शाळेच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं काढलेली बाई ती. लेफ्से, म्हणजे बटाट्याची पोळी, फडक्यात गुंडाळली नाही तर गार पडून कडक होते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

लायल फावडं घेऊनच आला. "आर्डिसबाई, हा बर्फ काढायचा. नियम आहे."

"बर्फ पांघरूण आहे, लायल."

"बर्फ गार असतो!"

"तुझ्या आईनं तुला शाळेत पाठवलं होतं ना रे? मीच वाढायचे तुला, म्हणून विचारते."

लायलचे कान लाल झाले. "आणि नळी कुठाय तुमची? सगळ्यांच्या नळ्या नळाच्या खांबाला जोडल्यात, वर विजेची गरम पट्टी. तुम्हीच शहाण्या?"

"माझी नळी पलंगाखाली झोपलीय. शनिवारी दुपारी टाकी भरते, नळीतलं पाणी झटकते, आत नेते. बाहेर पाणीच नाही, तर गोठेल काय, तुझं डोकं?"

"रविवारी तपासणी आहे. बर्फ दिसला किंवा पाणी गोठलं, तर सामान बांधा. जॉलीनला मीच फोन करतो."

आर्डिसनं फावडं मागून घेतलं आणि त्याच्यादेखत आणखी चार ढीग चढवले.

शुक्रवारी पारा उणे चौतीसवर गेला. सकाळी दहाला वाऱ्यानं विजेची तार तुटली आणि कॅम्पभरच्या गरम पट्ट्या मेल्या. दीड तासात नळ्या काठीसारख्या ताठ झाल्या. दुपारी वीज आली तोवर नऊ कॅम्पर कोरडे पडले होते, आणि त्यातला पहिला लायलचा. त्याच्या खालचा बर्फ तर त्यानं केरसुणीनं झाडून काढला होता!

आर्डिसनं नळ सोडला. बॅटरीवरचा छोटा पंप खाकरला, थांबला. आता आपण डुलुथला, असं तिला वाटलंच. मग पाणी आलं. तिनं कॉफी ठेवली आणि फाटकाकडची खिडकी उघडी केली, वास जायला हवा ना.

लायल किटली घेऊन आला. "आर्डिसबाई, थोडं पाणी..."

"आधी फाटकावरची पहिली पाटी वाच. मोठ्यानं. माझे कान गेलेत."

कान शाबूत होते, हे त्यालाही ठाऊक. त्यानं फाटकाकडे वळून वाचली. 'जागा सोडावी'पाशी आवाज बसला.

"दुसरी पाटी काढ," ती म्हणाली. "मग तुझ्या घराला बर्फ लाव, गुडघ्यापर्यंत नव्हे, खिडकीपर्यंत. मग किटली."

तो खपत असतानाच जॉलीनचा फोन आला. "आई, बातम्यांत ऐकलं. पाणी गोठलं ना तिथे? ऐक, खोली अजून रिकामी आहे."

आर्डिसनं खिडकीतून हाक मारली, "लायल, डुलुथला खोली आहे. तुला हवी का?"