फुलाक्काचा इंग्रजीचा पेपर

सुनयनाबाई नंदिगड्ड्याच्या शाळेत अकरा वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. जागा सांगायची तर शब्दाला ‘त’ लागला की इन, ‘वर’ लागला की ऑन, हा त्यांचा ठाम नियम. त्यांनाही लहानपणी असंच शिकवलेलं. मुलं तो पटकन पाठ करायची.

फुलाक्का चौतिशीची, सुपारी सोलायला जाणारी. अंगणवाडीत मदतनीस व्हायचं तर दहावी पास हवी, आणि वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती. बाकीचे विषय सुटले. इंग्रजीत ती दोनदा नापास झाली होती. आता शेवटची परीक्षा. रोज दुपारी जंगलातली वाट तुडवत ती बाईंच्या घरी शिकायला यायची.

“पाखरू झाडावर हाय. म्हणजे ऑन, व्हय न्हवं?”

“अगदी बरोबर,” बाई म्हणायच्या.

निकाल लागला. फुलाक्का दोन मार्कांनी गेली.

बाईंनी तिच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. तीन रिकाम्या जागा चुकल्या होत्या: पाखरू झाडावर, आई घरात, पाहुणा दारात. तिन्ही ठिकाणी उत्तर बाईंच्या नियमाप्रमाणे लिहिलेलं. त्यांनी व्याकरणाचं जाड पुस्तक काढलं. फांद्यांमधल्या पाखराला इन. घरी असण्याला ॲट. दाराशी उभं असण्यालाही ॲटच. दूध उतू गेलं तरी त्यांना गॅस बंद करायचं सुचेना.

दुसऱ्या दिवशी फुलाक्काच्या अंगणात बसून त्यांनी सगळं सांगितलं.

“चूक माझी आहे, फुलाक्का. मी सांगितलं तेच तू लिहिलंस.”

सुपारी सोलणारा हात थांबला. “मला वाटलं, माझंच डोस्कं जड.”

“पुन्हा तपासायला अर्ज करू या का?”

“तपासून चुकीचं बरोबर हुतंय व्हय?” फुलाक्का खाली मान घालून म्हणाली. “आन् ती जागा भरली, बाई. पलीकडच्या वाडीतली बाई लागली. आता कळून मी काय करू?”

फुलाक्का त्यांना थांबा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. पुन्हा सुपारी सोलू लागली.

सोमवारी दहावीच्या वर्गात बाईंनी आपला नियम फळ्यावर लिहिला आणि त्यावर काट मारली. “हे मी तुम्हाला चुकीचं शिकवलं,” त्या म्हणाल्या.

मागच्या बाकावरून दीपालीनं विचारलं, “मग आधी शिकून गेले त्यांचं काय, बाई?”

बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मुलांकडे वळायचं त्यांना धैर्यच झालं नाही.