सुखरूपचा रकाना

कॉलनीत पोलिसांनी मीटिंग घेतली तेव्हा मी पहिल्या रांगेत बसले होते. मागे बसलं की मला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही की मी चिडते. नागापूरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांची ही कॉलनी. मुलं पुण्याला, नाहीतर त्याच्याही पलीकडे. घरोघरी एक म्हातारं माणूस आणि एक टीव्ही. इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करू. बीटचा हवालदार दर मंगळवारी आणि शनिवारी प्रत्येकाच्या घरी जाऊन येईल आणि भेटीची नोंद एका पुस्तकात होईल. पुस्तक कोणाकडे ठेवायचं असं त्यांनी विचारताच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मिशनच्या शाळेत मी जन्मभर हजेरी भरली. माझं अक्षर चांगलं आहे, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मीही एकटीच राहते, पण यादीत मी स्वतःचं नाव घातलं नाही. हजेरी भरणाऱ्या बाईंचं नाव मुलांच्या हजेरीत नसतं. मी पट्टीने रेघा मारल्या. नाव, तारीख, वेळ, शेरा. शेऱ्यात बहुतेक एकच वाक्य असायचं, ‘भेट दिली. सुखरूप.’

हवालदार पाथर्डीकडचा, गोल चेहऱ्याचा, मनाने चांगला. सुरुवातीला तो खरंच घरोघर जायचा. कोणाच्या बीपीच्या गोळ्या आणून दे, कोणाचा नळ बघ, असं करत दुपार व्हायची. मग माझ्याकडे चहा घेऊन सही करायचा. पुढे बंदोबस्त सुरू झाले. कुठे निवडणूक, कुठे मंत्री, कुठे मिरवणूक. पोलीस एकटा आणि बोलावणारे सतरा. तो सकाळी फोन करायचा आणि अजिजीने म्हणायचा, “बाई, आज जमत न्हाई. तुमीच बघून लिवा की. मी नंतर सही मारतो.”

पहिल्या वेळी मी सगळ्यांच्या दारात जाऊन आले. दुसऱ्या वेळीही गेले. नंतर गुडघे कुरकुरायला लागले, तशी मी फोनवर विचारू लागले. आणि पुढे, खरं सांगायचं तर, खिडकीतून दिसतील तेवढ्यांचं खिडकीतूनच लिहू लागले. दोरीवर ओला टॉवेल दिसला, सुखरूप. कुकरची शिट्टी ऐकू आली, सुखरूप. रिकामा रकाना मला बघवत नाही. शाळेतही तपासणी आली की आम्ही सगळ्या बाया बसून राहिलेले रकाने भरायचो आणि वर एकमेकींची थट्टा करायचो. त्याने कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

माझ्या समोरच्या घरात एक निवृत्त फोरमन राहत. मूळचे कोल्हारचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी पुण्यात नोकरीला. रोज सकाळी ते फिकट हिरवी प्लास्टिकची खुर्ची ओट्यावर आणून उन्हात बसायचे आणि भाजी निवडायचे. दिवे लागायच्या आत खुर्ची खांद्यावरच्या टॉवेलने पुसून आत न्यायचे. एक दिवस चुकायचं नाही. मी एकदा म्हटलं, “अहो, प्लास्टिकच्या खुर्चीला कोण पळवतंय?” तर म्हणाले, “बाई, वस्तू आत घेतली की दिवस मिटला.” रविवारी मी चर्चहून आले की ते विचारायचे, “आज काय सांगितलं?” मी सांगायचे. “आमच्याकडं बी तेच सांगत्यात,” म्हणायचे. आमची ओळख एवढीच.

त्या शनिवारी शनि अमावस्या होती. हवालदाराचा सकाळीच फोन आला. “बाई, आमाला शिंगणापूरला टाकलंय. लई गर्दी हाय. तेवढं पुस्तक बघा.” दहाच्या सुमाराला मी खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसले. समोरच्या ओट्यावर हिरवी खुर्ची होती. खुर्ची बाहेर म्हणजे माणूस उठलेला. मी लिहिलं, ‘भेट दिली. सुखरूप.’ आणि पुढच्या नावाकडे गेले.

संध्याकाळी पाचला त्यांच्या मुलीचा फोन आला. “मावशी, बाबा सकाळपासून फोन उचलत नाहीयेत.” पुस्तक माझ्यासमोरच होतं. मी म्हटलं, “अगं, आज सकाळीच नोंद झालीय, बरे आहेत. चार्जिंग विसरले असतील.” बोलता बोलता मी खिडकीतून पाहिलं. खुर्ची होती. मधे फक्त आठ पावलांचा रस्ता, तो ओलांडून मी दार वाजवायला हवं होतं. पण मीच लिहिलेलं मलाच खरं वाटत होतं. ती म्हणाली, “हुश्श. थँक्यू मावशी,” आणि तिने फोन ठेवला.

रविवारी मी चर्चहून आले तर तिची गाडी दारात. रात्रीही फोन लागला नाही म्हणून ती निघून आली होती. कडी आतून होती. माणसांनी मागचं दार तोडलं. ते मोरीच्या उंबऱ्यावर पडलेले होते. मी आत गेले, पाहिलं, बाहेर आले. ओट्यावर खुर्ची तशीच. बसायच्या जागी दोन रात्रींची धूळ आणि बदामाचं एक वाळलेलं पान. तेव्हा मला कळलं की शनिवारी सकाळी ती बाहेर आणलेली नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी ती आत गेलीच नव्हती.

मला रडू आलं नाही. मी घरी जाऊन भात लावला. तो खाल्लाही. काही वाटावं म्हणून वाट पाहिली, पण हातपाय दुसऱ्या कोणाचे असावेत तसं सगळं चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर काही तास जिवंत असावेत. कधी पडले ते नक्की सांगता येत नाही.

दहावं झाल्यावर मुलीने हवालदाराला आणि मला घरी बोलावलं. तिला पुस्तक पाहायचं होतं. हवालदाराने ते उघडून तिच्यापुढे ठेवलं. शनिवारच्या ओळीखाली त्याची सही होती, सोमवारी मारलेली. तिने त्याला विचारलं, “साहेब, शनिवारी सकाळी बाबा बोलले ना तुमच्याशी? मला एवढंच सांगा. ते शुक्रवारी रात्रभर तिथे पडून होते का, तेवढंच मला कळू दे. मला झोप लागत नाही.”

हवालदाराने टोपी हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. तो काही बोलणार नाही, हे मला कळलं. त्याची नोकरी होती, दोन लेकरं होती.

“ते बंदोबस्ताला होते,” मी म्हटलं. “मीच गेले होते.”

“मग? बोलले?”

“हो. दहा वाजता. ओट्यावर मेथी निवडत होते.”

मेथीचं कुठून सुचलं, देव जाणे. ती रडायला लागली, पण निराळं रडली, सुटल्यासारखी. “म्हणजे रात्रभर नव्हते,” ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मग डोळे पुसून तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं. “किती छान अक्षर आहे हो मावशी तुमचं.”

बाहेर आल्यावर हवालदार हळूच म्हणाला, “बाई, बरं केलंत.” तिच्यासाठी केलं की माझ्यासाठी, हे मी स्वतःला विचारून पाहिलं आहे. प्रार्थनेला बसते तेव्हा ओठ हलतात, एवढंच.

पुस्तक मी परत केलं. गुडघ्यांचं कारण सांगितलं. आता ते मागच्या गल्लीतल्या एका बाईंकडे असतं आणि यादीत माझंही नाव आहे. हवालदार आला तर येतो. नाही आला तरी नोंद होत असणार.

घर रिकामं करताना मुलीने ती हिरवी खुर्ची मला दिली. “बाबांशी शेवटचं तुम्हीच बोललात. तुमच्याकडे राहू दे.” नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. रोज सकाळी मी ती ओट्यावर ठेवते आणि दिवे लागायच्या आत पुसून आत घेते. ती एखाद्या रात्री बाहेर राहिली तर काय समजायचं, हे कॉलनीत फक्त मला माहीत आहे. दुसऱ्या कोणाला सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, म्हणून मी अजून सांगितलेलं नाही.