राजगिऱ्याच्या पानावरून गाळलेली दोन वाक्यं

पुस्तिकेत चोवीस पाककृती होत्या. त्यातल्या तेवीस मी जवळपास तशाच जाऊ दिल्या. चोविसावीतली दोन वाक्यं काढून टाकली. ती का काढली आणि पुढे काय झालं, एवढंच इथे नोंदवायचं आहे.

२००६ चा फेब्रुवारी. आम्हाला जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला येऊन वर्ष उलटलं होतं. नवरा मोटारींच्या कारखान्यात, गिअरबॉक्सच्या कामावर. मी त्याआधी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर अकरा वर्षं बातम्या कापल्या होत्या. इथे डेस्क नव्हतं, म्हणून आठवड्यातले चार दिवस सकाळी जर्मनच्या कोर्सला जात होते. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. महाशिवरात्रीला त्यांनी पुण्याहून आणलेल्या राजगिऱ्याच्या लाह्यांचे लाडू वळले आणि वर्गासाठी डबा भरून दिला. परक्या मुलखात रिकाम्या हाताने कुठे जायचं नाही, असा त्यांचा दंडक होता.

वर्गात माझ्या शेजारी मेक्सिकोची एक बाई बसायची. पुएब्ला शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत, तिथली. नवरा इंजिनिअर, तीन वर्षांसाठी बदलीवर आलेला. तिने लाडू घेतला, मोडला, हुंगला आणि बराच वेळ नुसता हातात धरून ठेवला. मग विचारलं, "हे तुला कोणी दिलं?"

सासूबाईंनी, असं मी सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. तुमच्याकडे हे धान्य आलं कुठून, असं तिला विचारायचं होतं. ते मला माहीत नव्हतं. माझ्या समजुतीप्रमाणे राजगिरा आमचाच होता. उपासाला चालतो म्हणजे आमचाच असणार. त्यांच्याकडेही असेच लाडू-वड्या करतात, मध किंवा उसाचा पाक घालून, आणि देवळाच्या दारात विकतात, असं तिने सांगितलं. स्पॅनिशमध्ये त्याचं नाव 'आनंद' या अर्थाचं आहे. तिच्या आजीच्या भाषेत दुसरं नाव आहे. ते नाव तिने हळू आवाजात उच्चारलं.

घरी येऊन मी पुस्तकांत शोधलं आणि सासूबाईंना यादी वाचून दाखवली. राजगिरा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कंद. सगळं अमेरिका खंडातलं. स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांनी बाहेर आलेलं. सासूबाई ताट पुसता पुसता थांबल्या.

"अगं, मग उपासाला आपलं म्हणून काय उरलं?"

"वरी, आई."

"आणि?"

"तूप. सैंधव."

त्यांनी ताट फडताळात ठेवलं. मग म्हणाल्या, "बोलाव त्या बाईला जेवायला. तिच्याच घरचं खातोय आपण."

पुढच्या संकष्टीला ती अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी जर्मनमध्येच बोलत होती. आईने स्पॅनिशमध्ये विचारलं तरी उत्तर जर्मनमध्ये. खिचडी दोघींनी दोनदा घेतली. जेवताना त्या बाईने जे सांगितलं ते तिच्या आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये होतं. त्यामुळे त्यात अलंकार नव्हते.

आजी नव्वदीच्या पुढची, अजून होती. तिला स्पॅनिश जवळजवळ येत नव्हतं. या बाईची आई शाळेत गेली तेव्हा आजीच्या भाषेतला शब्द तोंडातून निघाला की हातावर पट्टी बसायची. म्हणून आईने आपल्या मुलांशी ती भाषा बोलणं सोडलं. ही बाई ती अर्धीमुर्धी समजायची. मुलीला एक शब्द येत नव्हता. इंजिनिअर नवऱ्याच्या आईने लग्नानंतर पहिली सूचना दिली होती ती भरतकामाच्या पोलक्याबद्दल: पाहुण्यांसमोर हे घालू नकोस, लोक तुला मोलकरीण समजतील. पाचशे वर्षांपूर्वी आलेल्या लोकांचा तिरस्कार आता घरातलेच लोक चालवत होते. त्यासाठी स्पेनहून कोणी यायची गरज उरली नव्हती.

राजगिऱ्याबद्दल आजी सांगायची ते असं. पूर्वी त्याच्या पिठाचे देव करत, सणाला ते मोडून सगळे मिळून खात. पाद्र्यांना ही आपल्या प्रसादाची टवाळी वाटली. धान्यावर बंदी आली. पेरणाऱ्यांचे हात तोडले. आजीच्या घरातल्या बायकांनी ओढ्याच्या कपारीत बी टाकून ते जगवलं. ही हकिगत गावातल्या पाद्र्याने भाकड ठरवली होती आणि शाळामास्तरनेही. ती कुठेच लिहिलेली नव्हती.

मे महिन्यात कोर्सच्या केंद्राने पाककृतींची पुस्तिका काढायचं ठरवलं. त्या उन्हाळ्यात जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक होता आणि गावोगावी परदेशी पाहुण्यांचं कौतुक चाललं होतं. एका निवृत्त शिक्षिकेने काम हाती घेतलं. प्रेमळ बाई; आमच्या चुका सुधारताना आधी माफी मागायची. प्रत्येकाने एक पदार्थ द्यायचा आणि त्याच्या उगमाबद्दल नव्वद शब्द. मी अकरा वर्षं हेच केलं आहे असं कळल्यावर तिने मजकूर माझ्याकडे सोपवला. भाषा ती तपासणार, लांबी आणि तथ्यं मी.

मेक्सिकोच्या बाईने आजीची हकिगत दोन वाक्यांत बसवली होती. 'स्पॅनिश लोकांनी हे धान्य पेरणाऱ्यांचे हात तोडले. माझ्या आजीच्या घरातल्या बायकांनी बी ओढ्याच्या कपारीत लपवून वाचवलं.' कागद देताना ती म्हणाली की प्रकाशनाच्या दिवशी मुलगी हे वाचणार आहे आणि एक प्रत गावाला आजीकडे जाणार आहे. "मी सांगते ते तिला गोष्टीसारखं वाटतं," ती मुलीबद्दल म्हणाली. "जर्मनमध्ये छापलेलं वाचलं तर खरं वाटेल."

वर्गात एक स्पॅनिश इंजिनिअरही होता. सुट्या भागांच्या कंपनीत, हसतमुख. पुस्तिकेत पाएया, म्हणजे त्यांच्याकडचा भात, त्याचा. त्याने तो कागद टेबलावर पाहिला.

"हे पुस्तक जेवायचं आहे की रडायचं?" त्याने मला विचारलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, इंग्रजांनी तुम्हाला रेल्वे दिली, आम्ही यांना भाषा दिली. किती दिवस उगाळायचं?

ती मागेच उभी होती. "दिली," ती म्हणाली. "आणि मी ती तुझ्यापेक्षा बरी बोलते."

सगळे हसले, तोही. मीसुद्धा हसले.

वाक्यं मी काढली ती त्याच्या सांगण्यावरून नव्हे. तसं असतं तर आज तो एक भित्रेपणा म्हणून नोंदवता आला असता. मी ती नियमाने काढली. डेस्कवर नियम होता: आरोप असेल तर दोन सूत्रं हवीत. इथे सूत्र एकच, तेही नात्यातलं, तेही ऐकीव. मी दोन्ही वाक्यांवर रेघ मारली आणि जागा भरायला लिहिलं, 'पुढे या धान्याची लागवड कमी झाली.' तिला विचारलं नाही. बातमीदाराला विचारून कात्री लावायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

प्रकाशन जूनमध्ये, ग्रंथालयाच्या दालनात झालं. बाहेर गाड्यांच्या काचांवर झेंडे फडफडत होते. पुस्तिकेच्या मागच्या पानावर संपादक म्हणून माझं नाव होतं. मुलीची पाळी आली. आईच्या हस्ताक्षरातल्या कागदावरून तिने घरी सराव केला होता. इथे तिच्या हातात छापील पुस्तिका दिली. तिने साहित्य वाचलं, कृती वाचली, उगमाचा मजकूर वाचला. शेवटच्या वाक्याशी थांबली. पान उलटलं. पुढे पोलंडचं पान होतं. तिने परत मागचं पान काढलं, आईकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "इथे नाहीये ते." मग जागेवर जाऊन बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कोट टांगायच्या खोलीत त्या बाईने मला गाठलं.

"तू काढलंस?"

"हो."

"का?"

मी नियम सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला. मग पुस्तिका उघडून जर्मनीचं पान माझ्यासमोर धरलं. शिक्षिकेने दिलेलं बटाट्याचं सूप. उगमाच्या नव्वद शब्दांत प्रशियाच्या राजाची गोष्ट होती: लोक बटाटा लावेनात, म्हणून राजाने बटाट्याच्या शेताभोवती शिपाई उभे केले. एवढी राखण आहे म्हणजे मौल्यवान असणार, असं वाटून शेतकऱ्यांनी चोरून बी नेलं आणि बटाटा देशभर पसरला.

"या राजाला दुसरं सूत्र कोण होतं?" तिने विचारलं.

मी ते पान तीनदा तपासलं होतं. शब्द मोजले होते, स्वल्पविराम पाहिले होते. गोष्ट खरी आहे का, हा प्रश्न मनात आला नव्हता. ती पुस्तकी वाटत होती, आणि सांगणारी या गावातली शिक्षिका होती.

तिथून घरी येईपर्यंत मला डेस्कवरची अकरा वर्षं दुसऱ्या क्रमाने आठवली. आदिवासी तालुक्यातून बातमीदार लिहून पाठवायचा की वनरक्षकांनी झोपड्या जाळल्या. आम्ही म्हणायचो, एकच सूत्र, थांबव. संध्याकाळी पोलिसांचं पत्रक यायचं की अतिक्रमण शांततेत हटवलं. ते एकटंच पुरायचं. त्यावर शिक्का असायचा. हा नियम मी अकरा वर्षं पाळला, नवीन मुलांना शिकवला, आणि त्याला निःपक्षपातीपणा म्हटलं. आपण कोणाचं ऐकत होतो हे कळायला वोल्फ्सबुर्गला यावं लागलं, याची मला अजून चीड आहे.

पुढच्या आठवड्यात मी हॅनोव्हरच्या ग्रंथालयात एक पूर्ण दिवस बसले. पिठाच्या मूर्ती होत्या, त्या मोडून खात होते, आणि पाद्र्यांनी त्या बंद पाडल्या. हे पाद्र्यांनी स्वतःच अभिमानाने लिहून ठेवलं होतं. हात तोडल्याबद्दल पुस्तकांचं एकमत नव्हतं. काहींत ते होतं, काहींत नव्हतं. म्हणजे मला हवं होतं ते दुसरं सूत्र बऱ्याच अंशी उपलब्ध होतं. ते बंदी घालणाऱ्यांचं होतं. ज्याने तोंड दाबलं त्याने वहीत नोंद केली की मगच दाबलं गेल्याचं सिद्ध होतं. आणि त्याने नोंद केली नाही, तर आजी खोटी.

मी शुद्धिपत्राची चिठ्ठी तयार केली. दोन्ही वाक्यं होती तशी. खाली, 'लेखिकेच्या आजीने सांगितल्यावरून.' चिकटवण्याआधी तिला दाखवायला घेऊन गेले. शेवटची ओळ ती खोडायला सांगेल असं मला वाटलं होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "आजीनेच सांगितलंय. फक्त राजाच्या पानावरही लिही, कोणी सांगितलंय ते."

मी दुसरी चिठ्ठी छापली: 'ही आख्यायिका आहे. लेखिकेने ती शाळेत ऐकली.' केंद्रातल्या उरलेल्या प्रतींत सासूबाई आणि मी एका दुपारी दोन्ही चिठ्ठ्या चिकटवल्या. सासूबाईंना जर्मन अक्षर कळत नव्हतं. त्यांनी दोन गठ्ठे वेगळे ठेवायला सांगितले आणि एकही चूक केली नाही. निम्म्याहून जास्त प्रती आधीच लोकांच्या घरी गेल्या होत्या.

तीन दिवसांनी शिक्षिकेचा फोन आला. या वेळी तिने आधी माफी मागितली नाही. राजाच्या पानाबद्दल बोलली. ती गोष्ट इथे प्रत्येक मूल शिकतं, तुम्ही असं लिहून आम्हाला खोटं पाडलंत, आणि तेही न विचारता.

"न विचारता, हे खरं आहे," मी म्हटलं. "दुसऱ्या पानावरचंही मी न विचारताच काढलं होतं."

"तो वेगळा विषय आहे," ती म्हणाली. त्या पानाबद्दल ती त्यानंतरही कधी बोलली नाही.

चिठ्ठी लावलेली एक प्रत गावाला गेली. सोबत त्या बाईने स्पॅनिश भाषांतर पाठवलं होतं; त्यावरून तिच्या भाच्याने आजीला आजीच्या भाषेत उलगडून सांगितलं. आजीने ऐकून फक्त एवढंच विचारलं की छापणाऱ्या बाईकडे बी आहे का, की नुसत्या लाह्याच. हे मला तिच्या नातीने वर्गात सांगितलं, जरा हसून. मला तिने माफ केलं का, ते मी विचारलं नाही. बदलीची मुदत संपल्यावर ते कुटुंब परत गेलं.

२००९ च्या उन्हाळ्यात फ्लोमार्क्टमध्ये, जुन्या सामानाच्या बाजारात, एका आजोबांच्या टेबलावर आमची पुस्तिका दिसली. बटाट्याच्या पानावर तुपकट डाग होते, कोपरा दुमडलेला. मेक्सिकोचं पान कोरं करकरीत, न उघडल्यासारखं. चिठ्ठी कुठेच नव्हती. पहिल्या दिवशीच गेलेली प्रत होती.

"म्हणजे कसं, सूप चांगलं होतं त्यातलं," आजोबा म्हणाले. "राजाची गोष्ट नातवंडांना आवडायची."

बाकीचं वाचलंत का, असं मी विचारलं. नाही, ते म्हणाले. बाकीचं परदेशी होतं.

पुस्तिका घरी आणली. उरलेल्या चिठ्ठ्या टेबलाच्या खणात होत्या. दोन्ही चिकटवल्या. चिठ्ठी नसलेल्या अशा प्रती अजून शंभरावर घरांत आहेत, आणि त्या प्रत्येकीत मागच्या पानावर माझं नाव आहे.