जंबोचा वाढीव मजला

पिंपरीच्या कारखान्यातले माझे जुने सोबती सांगत फिरतात, की खंडेनवमीच्या पूजेसाठी केलेल्या लाकडी जंबो विमानाचे माप मी घेतलेच नव्हते. हे धादांत खोटे आहे.

मी ओतकामासाठी लाकडी साचे घडवणारा कारागीर. ऐंशीच्या सुमारास खऱ्या जंबोची वरचा मजला लांबवलेली नवी आवृत्ती तयार होत असल्याचे चित्र मासिकात आले. आमच्या लाकडी प्रतिकृतीवरही तसाच मजला चढवण्याचे मी ठरवले. विमानावरची खाच साध्या पट्टीने आखली. मजला मात्र सवयीने साच्याच्या पट्टीने. ओतलेले लोखंड थंड होताना आकसते, म्हणून त्या पट्टीवरचा फूट एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा असतो. साहजिकच मजला खाचेत बसेना, आणि पूजा दुसऱ्या दिवशी!

शेजारच्या खात्यातला फिटर म्हणाला, "राव, थंड होऊ द्या, आकसेल!" सारे खाते हसले. साहेबांनी माझ्यापुढे कानस धरली.

"मजला बरोबर आहे," मी ठणकावले, "विमान आखूड आहे."

मजल्याला हात न लावता मी खाच सूतभर वाढवली. पूजेत विमान दिमाखात बसले आणि त्यावर पहिला झेंडू त्याच फिटरने वाहिला. एवढे मात्र कोणी सांगत नाही.